गिनीपिगांसाठी गार जागा

मी भित्री आहे. आमच्या घरात हे रेशन कार्डावर लिहिल्यासारखं पक्कं आहे. पाल, विजेचा खटका, डांबरी रस्ता ओलांडणं, दुपारी रिकाम्या वर्गात एकटीनं थांबणं, सगळ्याची भीती. उंदराचं तर विचारूच नका. माहेरी वेचणीचा कापूस घरातच रचून ठेवायचे आणि त्या ढिगावर आम्ही भावंडं झोपायचो. एकदा झोपेत उंदरानं माझा अंगठा कुरतडला. तेव्हापासून कुणी उंदराचं नुसतं नाव काढलं तरी मी पाय वर घेते. अशा बाईनं दोन गिनीपिग घरात घ्यायला हो म्हटलं.

झालं असं की परतूरच्या आमच्या शाळेत शेजारच्या वर्गावर एक तरुण शिक्षिका होती. तिची बदली दूरच्या जिल्ह्यात झाली. तिथं भाड्याची खोली मिळाली, पण घरमालकाची अट, जनावर चालणार नाही. तिच्याकडे चार वर्षांच्या दोन गिनीपिग माद्या होत्या. पिल्लं असती तर पोराबाळांच्या हट्टापायी कुणीही नेली असती, पण वय झालेल्यांना कोण विचारतो? एक दिवस ती त्यांना टोपलीत घालून शाळेत घेऊन आली. सगळ्यांनी फोटो काढले, घ्यायचं नाव कुणी काढेना. मी खुर्चीवर पाय घेऊन बसले होते. तिनं काही न विचारता तपकिरी मादी माझ्या हातावर ठेवली. मी ओरडणार तोच तिचं काळीज तळहाताला लागलं. केवढं धडधडत होतं! आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापेक्षा भित्रं कुणी भेटलं होतं. माझ्या तोंडून हो निघून गेलं. गाव सोडण्याआधी ती दोघींना माझ्या घरी आणून सोडणार होती.

घरी आल्यावर पश्चात्ताप झाला. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. तीर्थपुरीकडच्या शेतात जन्म घालवलेली बाई. त्या म्हणाल्या, "लोकं उंदरं धरायला पिंजरा आणतेत. ही उंदरंच घरात आणून राह्यली." आमचे हे इतके हसले की चहा सांडला.

मला मात्र हसू येत नव्हतं. त्या शिक्षिकेनं वहीची दोन पानं भरून सूचना लिहून दिल्या होत्या. एक दिवस पोटात काही गेलं नाही तर जिवावर बेतू शकतं. दुखलंखुपलं तर दाखवत नाहीत, लपवतात. ऊन सोसत नाही. गवत चोवीस तास समोर हवं. रोज ढोबळी मिरचीचा तुकडा. नव्या जागेत पहिले काही तास दगडासारख्या बसतील, तेव्हा घाबरू नका. मी ती पानं पोथीसारखी वाचायचे, आणि प्रत्येक ओळीत मला त्यांना मारायची एक नवी तऱ्हा दिसायची. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांना भेटून आले, तर ते म्हणाले, "बाई, मी म्हशीचा डॉक्टर. हे पुस्तकात पाहिलंय फक्त."

मग मी तयारीला लागले. धाकट्या दिरांना फोन करून शेताच्या बांधावरचं गवत मागवलं. तणनाशक मारलंय का, हे इतक्यांदा विचारलं की ते वैतागले. "वहिनी, तिथं गाय चरून राह्यली रोज. बिलकुल काई न्हाई मारलं." तरी मी ते गवत तीन पाण्यांनी धुतलं आणि गच्चीवर सावलीत वाळवलं. मोरीच्या तोंडाला जाळी बसवली, कारण आमच्या गल्लीत घुशी आहेत. मांजर येते त्या खिडकीला जाळी. वायरी उचलून खिळ्यांना टांगल्या. कुठं खिळा-टोक राहिलंय का म्हणून कोपरे बोटांनी चाचपले. आमचे हे म्हणाले, लेकीच्या लग्नाला तू एवढी धावपळ केली नव्हतीस. खरंच होतं ते.

उरला उन्हाचा प्रश्न. एप्रिल संपत आला होता आणि आमच्या घराचा स्लॅब बारा वाजताच तापायचा. गार अशी एकच खोली, मागची, कोठ्यांची. वर्षाचं धान्य तिथं असतं, ज्वारीच्या दोन आणि गव्हाची एक अशा पत्र्याच्या कोठ्या. भिंतीला लसणाच्या जुड्या. शनिवारी शाळेतून आल्यावर तिथं मी प्लायवूडच्या फळ्या उभ्या करून आडोसा केला, खाली जुनी सुती चादर, दडून बसायला दोन खोकी. मी स्वतः जमिनीवर गाल टेकवून पाहिलं, फरशी गारेगार होती. तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं.

ती शिक्षिका रविवारी येणार होती, पण सामानाचा टेम्पो लवकर ठरला म्हणून त्याच दुपारी आली. आत्याबाईंना ती उंदरं बघायचीच नव्हती, त्या शेजारी जाऊन बसल्या. तिनं दोघींना आडोशात सोडलं. दोघी एका कोपऱ्यात एकमेकींना चिकटून बसल्या, हलेनात. मी वाकून वाकून बघत राहिले.

"ताई, लिहून दिलंय ना मी," ती म्हणाली. "नवी जागा आहे, बसतील अशाच."

बाहेरच्या खोलीत आम्ही चहा घेतला. तिचे डोळे भरून आले होते. परत आत जाऊन बघितलं तर पाय निघणार नाही म्हणाली, आणि तशीच उठून गेली. मी तिला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडून आले, तोवर आत्याबाई घरी परतल्या होत्या.

"कुठं ठिवली ती उंदरं?"

"कोठ्यांच्या खोलीत. गार आहे ना तिथं."

"अगं माय! अन् गोळ्या टाकल्यात ना तू कोठीत? त्यात किडा बी जगत न्हाई."

आठ-दहा दिवसांपूर्वी नवं धान्य आलं होतं. ते वाळवून, चाळून, कोठ्यांत भरून, तोंडाला रुमाल बांधून मीच त्यात कीड लागू नये म्हणून विषारी गोळ्या टाकल्या होत्या, फडक्यात गुंडाळून, दरवर्षी टाकते तशा. डबीवर कवटीचं चित्र असतं. त्या गोळ्यांचा वायू होतो आणि जमिनीलगत साचतो, हेही मी कुठंतरी वाचलेलं होतं. गव्हाच्या कोठीचं झाकण चेपलेलं आहे, नीट बसत नाही. आणि खोलीत लसणासारखा वास होता, तो मी जुड्यांचा समजत होते. घुशी आठवल्या, मांजर आठवली, वायरी आठवल्या. स्वतःच्या हातानं टाकलेलं विष तेवढं आठवलं नव्हतं.

मी धावले. दोघी त्याच कोपऱ्यात, तशाच बसलेल्या. घाबरून की संपून, कसं ओळखायचं? मी दोघींना उचलून पदरात घेतलं आणि ओट्यावर येऊन बसले. उंदराची भीती वगैरे कुठं गेली कोण जाणे. बोट त्यांच्या पोटाला लावून श्वास शोधत होते, पण काही कळेना. देवा, त्या पोरीला मी काय सांगू? ती अजून गावाबाहेरही पडली नसेल. आत्याबाई शेजारी बसून पुठ्ठ्यानं वारा घालत होत्या.

किती वेळ गेला कळलं नाही. मग तपकिरीनं नाक हलवलं. दुसरी, काळी-पांढरी, माझ्या पदराचा काठ कुरतडायला लागली. मी गवताची काडी पुढं धरली, ती तिनं ओढून घेतली. मला रडूच फुटलं, चांगलं मोठ्यानं.

"गप गं," आत्याबाई म्हणाल्या. "कामून एवढं भेऊन राह्यलीस? घटकाभरानं काई होत न्हाई. मी तर दर उन्हाळ्याला तिथंच निजते की. धान्य भरल्यावर दोन-चार रोज डोकं धरतंय, मळमळल्यावानी होतंय. ते तर उन्हानं बी होतंय. अन् त्या गोळ्या किड्या-उंदराला असतेत, माणसाला न्हाई."

माझं रडणं जागीच थांबलं. या खेपेलाही त्या तिथंच झोपल्या होत्या, अगदी कालपर्यंत.

दर उन्हाळ्यात दुपारची जेवणं झाली की त्या खोलीत सतरंजी मी अंथरते. गारवा टिकावा म्हणून खिडकी लावते. त्या आडव्या झाल्या की दार बाहेरून लोटून घेते. डोकं धरलं म्हणाल्या तर ताक करून देते आणि बाहेर ऊन आहे म्हणून परत तिथंच निजायला लावते. दोन जनावरांसाठी मी गवत तीनदा धुतलं होतं. या बाईसाठी इतक्या वर्षांत मला एकदाही भीती वाटली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी आत्याबाईंना दवाखान्यात नेलं, त्यांना कारण सांगितलं बीपीचं. मागच्या खोलीला कुलूप लागलं. आडोसा आता पुढच्या खोलीत आहे आणि त्याच्या शेजारी आत्याबाईंची सतरंजी. येईल त्या बाईला त्या सांगतात, "उंदरापायी सुनेनं माझी गार जागा काढून घेतली." मी ऐकते आणि गप्प बसते. खरं सांगायचं तर दार कोण लोटत होतं तेही सांगावं लागेल, आणि ते सांगायची मला भीती वाटते.