काकांचं मौन आणि काकूचा पाय

चातुर्मास लागला की आमचे काका चार महिने मौन धरत. तोंड बंद, पाटी-पेन्सिल चालू. जोगेश्वरीच्या आमच्या चाळीत लोक येता-जाता त्यांच्या पाया पडत. काका ध्यानाला बसत; काकू पाणी भरी, धुणी धुई, पापड लाटून विकी.

‘घरातल्या एकाने तरी देवाशी बोलायला हवं,’ काकांनी एकदा पाटीवर लिहून दाखवलं.

"बोला तुम्ही. मी तुमच्या धोतरांशी बोलते," काकू म्हणाली.

मी तेव्हा नोकरीसाठी त्यांच्याकडे राहत होते. दोघांची जुंपवून देण्यात मला फार मजा येई.

एका सकाळी काकू भरल्या कळशीसकट मोरीत घसरली. नडगी मोडली. ओरडायचंही त्राण राहिलं नाही. काकांनी काय करावं? पाटीवर लिहिलं, ‘ही पडली.’ वाचायला घरात कोणी नव्हतं. मी खाली नळावर. मग त्यांनी देव्हाऱ्यातली घंटा उचलली आणि जिवाच्या आकांताने बडवली.

चाळ आमची भाविक! आज काकांची आरती लवकर, म्हणून सगळे गॅलरीत जमले आणि डोळे मिटून टाळ्या पिटू लागले. काका दारात पाटी नाचवतायत, आणि एकाचेही डोळे उघडे नाहीत. मीसुद्धा खालूनच हात जोडले. चांगली पाच कडव्यांची आरती झाली, तेव्हा कुठे कुणाची तरी नजर पाटीवर गेली.

काकू प्लास्टर घालून घरी आली, तर तिच्या खाटेला वळसा घालून लोक काकांच्या पायांवर डोकं ठेवत होते. "बायको पडली तरी मौन मोडलं नाही हो!"

तिसऱ्या दिवशी उतू जाणारं दूध उतरवताना काकांची बोटं भाजली.

"आई गं! मेलो!"

"अगंबाई," काकू खाटेवरून म्हणाली, "माझ्या हाडापेक्षा तुमचं बोट महाग का हो?"

काकांनी हात जोडले. "कुणाला सांगू नकोस."

"नाही सांगत. उद्यापासून पाणी तुम्ही भरायचं."

दुसऱ्या दिवशी काका हंडा घेऊन नळावर उतरले. बायका चटकन बाजूला झाल्या. "एवढे तपस्वी, पण बायकोसाठी हंडा उचलतात! नशीब लागतं असा नवरा मिळायला." एकीने हंडा भरून दिला, दुसरीने वर पोचवला. आठवडाभरात पाणी बायकाच आणून देऊ लागल्या आणि काका पुन्हा ध्यानाला बसले.

मी हे सगळं काकूला आवाज काढून, हातवारे करून दाखवलं. वाटलं, खो खो हसेल.

"प्लास्टर कधी काढतील गं?" साचलेल्या धुण्याकडे बघत तिने विचारलं.