नाल्याकाठची झाडं आणि माझी घाई

साठ साली नवं राज्य झालं, त्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. मी रोहिणखेडला शाळामास्तर होतो. बुलढाण्याच्या कारकुनाचा मुलगा, वय तेवीस, आणि डोक्यात एकच भुणभुण: झाडं गेली की हवा बदलते, पाऊस ओसरतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण गावचा नाला दिवाळीतच कोरडा पडलेला पाहिला आणि मला स्वस्थ बसवेना.

नाल्याकाठी वांगी-मिरची लावणारे एक काका काठावरची झाडं तोडून वाफे वाढवत होते. एका संध्याकाळी देवळापाशी चारचौघांत मी त्यांना म्हणालो, "तुमच्यासारख्यांमुळेच पाणी आटतंय."

लोक हसले. काका हसले नाहीत. "गुरुजी, पाऊस काय आमच्या कुऱ्हाडीले इचारून पडते का?" एवढं बोलून ते उठून गेले.

पुढचे चार दिवस माझं कशात लक्ष लागेना. पाढे घेताना मीच चुकायचो. शाळा सुटली की नाल्यापर्यंत जायचो, परत यायचो. काळजी झाडांची होती, की लोक हसले ते झोंबलं होतं, हे माझं मलाच कळेना.

रविवारी सकाळी त्यांच्या मळ्यात गेलो. काका विहिरीवर मोट हाकत होते. मला पाहून न पाहिल्यासारखं केलं. पाठ करून आणलेलं भाषण तोंडातच राहिलं. शेवटी विचारलं, "काका, तुमच्या वडिलांच्या वेळी विहिरीचं पाणी किती खोल होतं?"

"काऊन?"

"मला माहीत नाही म्हणून."

त्यांनी बैल थांबवले. मोटेच्या दोराला दोनदा जोड दिली होती, त्या गाठी दाखवल्या. "पाणी खाली जाऊन राह्यलं, हे मले दिसते. पण झाड तोडल्यानं जाऊन राह्यलं, हे कोनं पाह्यलं? तुमी पाह्यलं?"

"नाही. वाचलंय फक्त."

तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग बराच वेळ बोलत बसलो. ठरलं एवढंच, की उरलेली झाडं वर्षभर राहू द्यायची आणि दर अमावास्येला दोघांनी मिळून विहिरीचं पाणी मोजायचं.

वर्षभरात पाणी वर आलं नाही, उलट हातभर खाली गेलं. काका मात्र चिडवत नसत. पावसाळ्यात नाल्याला पूर आला तेव्हा बोडका काठ वांग्यांच्या वाफ्यांसकट खचला. झाडांचा काठ तसाच राहिला. खचलेल्या जागी काकांनी स्वतः करंज लावले.

देवळापाशी ते सांगत, "गुरुजीचं पावसाचं मले पटत नाही. पण झाड काठ धरते, ते खरं हाय."

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली वरवट बकालला झाली. निघताना मी पुन्हा पावसाचा विषय काढला. काका म्हणाले, "बस निघून जाईन गुरुजी, चाला." आणि माझी ट्रंक त्यांनी स्वतःच उचलली.