डोळ्यातलं पांढरं

हे मी आजपर्यंत कोणाजवळ काढलं नाही. पोराजवळ नाही, सुनेजवळ नाही. बायकोच्या तेरवीला चुलतभाऊ मांडीला मांडी लावून बसला होता, म्हणाला, "मन मोकळं कर गा." मी म्हणालो, "कायचं मोकळं करू, चहा सांग." अन् विषय तिथंच मारला.

चौथी शिकलेला माणूस आहे मी. लिहिताना चुकेन. पण खोटं लिहिणार नाही—खोटं जेवढं बोलायचं तेवढं बोलून झालं आहे.

सुरुवात कुठून करू? त्या मॉनिटरपासूनच करतो. नाहीतर मी पुन्हा आडवाटेनं पळून जाईन.

माझ्या पोराचा, गजूचा, दिग्रसला फोटो स्टुडिओ आहे. खाली दुकान, वर आम्ही राहतो—गजू, सून वैशाली अन् मी. लग्नाचे फोटो काढतो, अल्बम बनवतो. वर्षभर त्याची एकच कटकट होती: मॉनिटरवर शालू लाल दिसतो अन् छापून आला की चॉकलेटी. नवरीकडचे लोक दुकानात येऊन बोलून जायचे. शेवटी गेल्या महिन्यात यवतमाळच्या एका दुकानातून त्यानं नवा मोठा मॉनिटर आणला. आठ दिवस वापरून पाहा, रंग पटला नाही तर परत आणा, असं बोलणं झालं होतं.

वैशाली चहा देता देता म्हणाली, "मामाजी, अल्बमचं नाव हाय फक्त. याईले बंदुका चालवाच्या हायेत त्याच्यावर."

तेही खरंच. चाळिशीला आला पण त्याची कॉम्प्युटरवरची लढाई सुटली नाही. पहिले त्यानं तीच लावली. एक अंधारं गोदाम, त्यात शिपाई पळतात. जुन्या मॉनिटरवर ते गोदाम म्हणजे नुसता डांबराचा डबा होता. नव्यावर कोपऱ्यातली पोती दिसली, पोत्यामागं दडलेला माणूस दिसला. "हा पाहा बाबा, दोन वर्षांपासून मले इथूनच मारून राह्यला होता." मग गर्रकन इकडं वळला, तिकडं वळला, अन् म्हणाला की जुन्यावर चित्राला शेपूट यायची, याच्यावर येत नाही.

"भेटला ना दुश्मन? आता शालू पाहा," वैशाली म्हणाली.

मग त्यानं मॉनिटरभर कोरा पांढरा रंग लावला अन् मला समोर बसवलं. "बाबा, पांढरं तुम्ही सांगा. तुमच्यासारखी नजर नाई माही."

काहून, तर मी तीस वर्षं जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात होतो. काम काय? कापसाच्या ढिगासमोर बसायचं अन् पाण्यानं पिवळा पडलेला कापूस वेगळा काढायचा. मूठभर कापूस उजेडात धरला की मी सांगायचो—हा पांढरा, हा नाही. शेतकरी अन् व्यापारी दोघंही माझ्या शब्दावर गप बसायचे. मोठेपणा सांगत नाही. हे माहीत असल्याशिवाय पुढचं पाप तुम्हाला पुरतं कळणार नाही, म्हणून सांगतो.

मी पाहिलं अन् म्हणालो, उजव्या हाताचा वरचा कोपरा किंचित पिवळट आहे, एक पाणी खाल्लेल्या कापसासारखा. गजूजवळ रंग मोजायची एक डबी आहे, ती त्यानं काचेला लावली. तिनंही तेच सांगितलं. खूष झाला. म्हणाला, "एवढं चालते. आता माणसाचं कातडं पाहू. ते चुकलं की सगळंच चुकलं." अन् त्यासाठी ज्याचा रंग आपल्याला पाठ आहे असं माणूस पाहिजे, म्हणून त्यानं मायचा फोटो उघडला.

मी चहाचा कप खाली ठेवला अन् खुर्ची काचेजवळ ओढली.

ती समोर बसली होती. बायको माझी, कुसुम. जाऊन वर्ष होत आलं होतं, अन् ती दीड हात मोठी होऊन माझ्याकडे पाहून हसत होती. महागावला तिच्या भावाच्या पोरीचं लग्न होतं, त्यातला हळदीचा फोटो. ती नवरीची आत्या, म्हणून हळद लावायला तीच पुढं. दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे, गालावर पिवळं बोट. गजूनंच काढलेला फोटो. जुन्या मॉनिटरवर मी तो दहा वेळा पाहिला होता—फिका, निळसर, राखेतून पाहिल्यासारखा. त्यात काही दिसत नव्हतं.

याच्यात दिसलं. डोळ्यातलं पांढरं पांढरं नव्हतं.

तुम्हाला वाटेल, म्हातारा एवढा काहून हादरला? हळदीच्या फोटोत पिवळं नाही दिसणार तर काय? पण हळद गालाला लागते, हाताला लागते. बुबुळाच्या बाजूला कोण लावते? शेजारी नवरी बसलेली, तीही हळदीत भिजलेली, अन् तिचे डोळे दुधासारखे पांढरे.

अन् मी हादरलो ते नवं काही दिसलं म्हणून नाही. हे मी आधीच पाहिलेलं होतं. उघड्या डोळ्यानं. त्या हळदीच्या बारा दिवस आधी.

आता सांगतो.

आमचं तेव्हा गावाकडे राहणं होतं, आम्ही दोघंच. एका सकाळी अंगणात मी दाढी करत होतो. ती आली अन् माझ्यासमोर उकिडवी बसली. तिला आरशात नीट दिसायचं नाही—चष्मा लावला तर डोळा झाकायचा, काढला तर आरसाच दिसायचा नाही. म्हणाली, "अवो, पाहा बरं माह्ये डोळे. पिवळे दिसून राह्यले काय? अंगाले खाज सुटते, लघवी पिवळी होते."

मी तिची हनुवटी धरली. खालची पापणी बोटानं ओढली. पूर्वेचा उजेड होता, त्याच्याहून चांगला उजेड नाही. तीस वर्षं ज्या नजरेनं कापूस पाहिला त्या नजरेनं पाहिलं. पिवळे होते. किंचित, पण होते.

मी म्हणालो, "पांढरे हायेत. काही नाई झालं तुले."

"खरंच?"

"मले पांढरं समजत नाई काय?"

ती उठली अन् चुलीकडे गेली. एवढंच. एवढा वेळ लागतो बापा.

काहून बोललो असं? हे लिहायला मला तीन दिवस लागले. टोपीसाठी बोललो. हसू नका—हसलात तरी चालेल. माझ्या साळ्यानं थोरल्या पोरीच्या लग्नात माझ्याआधी दुसऱ्या जावयाला टोपी घातली होती. पहिला मान माझा होता. मी भर मांडवातून उठून आलो अन् सात वर्षं त्याच्या घरचं पाणी प्यायलो नाही. ही बिचारी सात वर्षं माहेरी एकटी जायची अन् संध्याकाळच्या एस.टी.नं परत यायची. धाकटीच्या, म्हणजे या महागावच्या लग्नाला साळा स्वतः घरी आला, हात जोडून म्हणाला, "भाऊजी, या वेळी पहिला मान तुमचाच." मला ती टोपी पाहिजे होती. चार लोकांसमोर पाहिजे होती. पिवळे म्हटलं असतं तर यवतमाळ, दवाखाना, तपासण्या, भरती—लग्न हुकलं असतं.

टोपी मिळाली. अजून आहे पेटीत. डोक्याला बसत नाही, लहान आहे.

लग्नाहून आल्यावर तिनं आणखी एकदा विचारलं. मी म्हणालो, हळद आहे, उन्हाळा आहे, निघून जाईल. मग तिनं विचारणंच सोडलं. मी विचार करायचो, चला, बरी झाली. खरंच असा विचार करायचो काय? नाही. मी तिच्या तोंडाकडे पाहायचं टाळायचो. जेवताना ताटात पाहायचो.

महिना-दीड महिन्यानं लग्नसराई संपली अन् गजू गावाकडे आला. त्यानं तिला दारात उभी पाहिली अन् बाहेरच गाडी फिरवली, यवतमाळला नेलं. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, "डोळे किती दिवसांपासून पिवळे आहेत?" गजू माझ्याकडे पाहत होता. मी म्हणालो, "चार दिवस."

डॉक्टरनं एकदा माझ्याकडे पाहिलं अन् लिहून घेतलं. ती खाटेवर होती, जागी होती, तिनं ऐकलं. तिनं मान वळवून मला पाहिलं. ती एक शब्द बोलली असती ना, तर मी तिथंच पडलो असतो. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

पित्ताच्या नळीच्या तोंडाशी गाठ होती. डॉक्टर गजूला म्हणाले, दोनेक महिने आधी आणलं असतं तर कदाचित कापून काढता आली असती. कदाचित. त्या एका शब्दावर मी वर्षभर लोळलो आहे. एकोणीस दिवसांनी ती गेली. गजूनं रडत रडत सगळ्या गोताला सांगितलं—चार दिवसांतच पिवळी पडली हो, कोणाले समजलंच नाई.

आता परत त्या मॉनिटरसमोर या.

गजूलाही ते पिवळं दिसलं. त्याला वाटलं, काचेचा तो पिवळट कोपरा असेल. त्यानं फोटो सरकवून डाव्या बाजूला नेला. पिवळं मायसोबत गेलं. खाली आणला, पिवळं खाली आलं. मग त्यानं एक पिचकारीसारखी खूण घेतली—फोटोत जे खरं पांढरं आहे त्याच्यावर ती टेकवायची, बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात. नवरीच्या डोळ्यावर टेकवली, सगळं बरोबर. मायच्या डोळ्यावर टेकवली अन् अख्खा फोटो निळा पडला. मांडव निळा, नवरी मेल्यासारखी. वैशाली "अगं माय" म्हणून मागं सरली.

गजूनं फोटो पहिल्यासारखा केला. मग म्हणाला, "हे कसं होते, बाबा? माय तर तेव्हा चांगली होती. पिवळी तर दवाखान्याच्या चार दिस आधी झालती ना? हा मॉनिटरच खराब हाय. वापस करतो."

माझ्याकडे वळला. पांढऱ्या-पिवळ्याचा निकाल मी द्यायचा होता.

तिथं बोलायचं होतं. चार शब्द होते—डोळे तेव्हाच पिवळे होते. पोरगा समोर, सून समोर, अन् ती पण समोरच. मी काय केलं असेल? तुम्ही मला आतापर्यंत ओळखलं असेल.

मी म्हणालो, "मॉनिटरले काही नाई झालं. हळद गेलती तिच्या डोळ्यात."

त्याचा चेहरा उतरला. तो फोटोकडे पाहत राहिला अन् हळू म्हणाला, "मीच म्हटलं तिले, माय, वर पाह्य, हास. तिनं हळदीच्या हातानं पदर मागं सारला. तेव्हाच गेली असन. अन् मी फोटोच काढत बसलो, बाबा. ती हासूनच राह्यली."

तेव्हा तरी नाही म्हणायचं होतं. मी म्हणालो, "लय चुरचुरत होते. मग नळावर जाऊन धुतले तिनं."

साळ्याच्या अंगणात नळच नाही. हापशी आहे.

मॉनिटर पास झाला. गजूनं त्याच दिवशी माऊसनं मायचे डोळे पांढरे केले, हळूहळू, जसा काही जिवंत डोळाच पुसत होता. विचारलं, "अशीच होती ना?" मी हो म्हणालो. तो फोटो मोठा छापून दुकानात लावला आहे. रंग फार चांगले आले, असं येणारा प्रत्येक जण म्हणतो.

मी कधी कधी मनात म्हणतो, बोललो नाही ते बरंच केलं. ते पिवळं गजूच्याच कॅमेऱ्यात होतं, त्याच्याच मॉनिटरवर वर्षभर पडून होतं. खरं कळलं तर तो स्वतःला खाईल. पण हा पण बहाणाच. खातो तर तो आताही आहे, माझ्या खोट्यापायी.

या महिन्यात हळदीचे कार्यक्रम होते. गजू आता कॅमेऱ्यासोबत एक बाटली पाणी अन् धुतलेले रुमाल नेतो. हळद सुरू व्हायच्या आधी नवरीला, आत्याला, मावशीला—सगळ्यांना सांगतो, डोळे सांभाळा. कोणी पदर सावरायला हात वर केला की कॅमेरा खाली ठेवून धावतो, रुमाल ओला करून तिचे डोळे पुसतो. अन् पुसताना सांगतो की माझ्या मायला फार त्रास झाला होता.

परवा बोरी अरब गावची एक बाई अल्बम न्यायला आली. मला म्हणाली, "तुमच्या पोरानं माह्ये डोळे पुसून देले हो. असा मायेचा मानूस नाई पाह्यला. तुमच्या बाईच्या डोळ्यात गेलती म्हणे हळद?"

मी म्हणालो, "हो."

गजू काउंटरमागं उभा होता. त्यानं मान खाली घातली अन् अल्बम पिशवीत भरला.