गोकुळदासला लागलेला चटका

शिरगावचा गोकुळदास खनिजाचा ट्रक चालवायचा आणि लईराई देवीच्या जत्रेत धोंड, म्हणजे तिचा व्रतकरी, होऊन होमकुंडातून चालायचा. सांगण्यासारखं त्याच्यापाशी एवढंच होतं. सत्त्याऐंशीच्या जत्रेत तो निखाऱ्यांवरून गेला तेव्हा पायांना काहीच लागलं नाही. थंड चिखलातून गेल्यासारखं. ही देवीची कृपा, असं तो मानू लागला.

त्याच महिन्यात गोवा राज्य झालं. फटाके वाजले तेव्हा तो झोपून होता. नंतरही झोपूनच. तोंड सुजलं, आवाज घोगरा झाला. भर उन्हात गोधडी मागायचा. खाणीवरचे म्हणत, "गोकळ्या, तू ट्रक चलयतंस की ट्रक तुका चलयता?" तो हसायचाही उशिरा.

बायको सुमंगला त्याला म्हापशाला घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, गळ्यातली थायरॉईड ग्रंथी रक्तात पुरेसा रस सोडत नाही. म्हणून नाडी, आतडी, डोकं सगळं मंद. पाय बधिर, तेही त्यामुळेच. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, जन्मभर.

पायांचं ते त्याने ऐकलंच नाही असं केलं.

थंडीत सूज उतरली. पायांना खडी कळू लागली, फरशीचा गारवा कळू लागला. त्याला ते आवडलं नाही.

पुढच्या जत्रेचं व्रत आलं. सोवळ्यात बाहेरचं काही चालत नाही म्हणून त्याने गोळी बंद केली.

"गोळी म्हणजे काय जेवाण?" सुमंगला म्हणाली.

"तुका कळूचा नाय."

व्रत संपेपर्यंत पाय पुन्हा बधिर होतील, असं त्याला वाटलं. पण गोळीचा अंश रक्तात कितीतरी दिवस रेंगाळतो. डॉक्टरांनी ते सांगितलं नव्हतं, त्यानेही विचारलं नव्हतं.

निखाऱ्यांवर पहिलं पाऊल पडलं आणि तो किंचाळला.

सकाळी तो तळीच्या पायरीवर पाय बुडवून बसला. शेजारी म्हातारा धोंड बाबली.

"देवीन माका सोडल्यान, बाबलीकाका. चटको लागलो."

"सगळ्यांकच लागता रे. म्हणान तर तिचा नाव घेवन धावतंव. आमचे पाय काय लाकडाचे?"

"गेल्या वर्सा माका कायच लागूक नाय."

"मगे गेल्या वर्सा तुझ्यात काय तरी बिघडला होता."

गोकुळदासने पाय पाण्यातून काढून तळवे पाहिले.

घरी सुमंगलाने गोळी आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

"पाय दुखतत?"

"दुखतत."

त्याने गोळी गिळली. उद्याही दुखणार होते.