ग्रहणात काय चिरलं होतं?

आमच्या वहिनींना आयुष्यभर एकच प्रश्न विचारला गेला आणि त्यांनी प्रत्येकाला त्याचं वेगळं उत्तर दिलं. "ग्रहणात काय चिरलं होतं?" त्यांची जुई जन्मली ती ओठ आणि टाळू दुभंगलेली. गरोदर बाईनं ग्रहणात विळी धरली की बाळाचा ओठ चिरतो, हे शास्त्र पंचवटीत भाजीवालीपासून संस्कृतच्या मास्तरांपर्यंत सगळ्यांना पाठ. वहिनी कुणाला दोडका सांगत, कुणाला लाल भोपळा. एका मावशींना त्या म्हणाल्या, "फणस. एवढी मेहनत केली, आणि गरे कच्चेच निघाले!" मावशी हळहळत गेल्या. गल्लीत काही दिवस फणस बदनाम होता.

माझी आई म्हणे, "आमच्या घराण्यात कुणाचं असं नाही." वहिनी दूध गाळता गाळता म्हणाल्या, "खरंय. तुमच्याकडे सगळ्यांचे ओठ अगदी धड. म्हणून तर मिटत नाहीत."

दादाचं मात्र फार कौतुक झालं. एवढं होऊन बायकोला एका शब्दानं बोलला नाही! खरंच नाही बोलला. मूल रडताना नाही, ऑपरेशनच्या दिवशी नाही, नंतरही नाही. असा समजूतदार माणूस शोधून सापडायचा नाही, आणि आम्हालाही तो घरात क्वचितच सापडे.

जुईला अंगावर पिता येत नसे. वाटी-चमच्यानं पाजायचं, त्यातलं निम्मं नाकातून परत. एक पाजणं संपेतो दुसऱ्याची वेळ होई. भेटायला येणारे बाळाचं वजन विचारत, चहा घेत आणि निघताना सांगत, "देव असं मूल धीराच्या बाईलाच देतो हो." वहिनी म्हणत, "आधी विचारायचं तरी देवानं. मी अधीर झाले असते."

एका दुपारी मात्र त्या काहीच म्हणाल्या नाहीत. वाटीतलं दूध गार झालं होतं, मूल किंचाळत होतं आणि वहिनी भिंतीकडे बघत होत्या. मी वाचत होतो तिथे येऊन त्यांनी जुईला माझ्या मांडीवर ठेवलं. "भाऊजी, हिला धरा. मला हिला खाली टाकून द्यावंसं वाटतंय." आवाज अगदी साधा होता, जसं काही मीठ संपलंय.

दुसऱ्या दिवशी त्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे निघाल्या. आई दारात आडवी. "वेड्यांच्या डॉक्टरकडे? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. सांगा, शहाण्यांनीच पाठवलंय."

गोळ्या सुरू झाल्या, हळूहळू झोप येऊ लागली. ग्रहणाचा आणि ओठाचा काही संबंध नाही, हे डॉक्टरांनी त्यांना समजावलं. वहिनींनी ते गल्लीभर सांगितलं. गल्लीनं ऐकून घेतलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला.

वहिनी गेल्यापासून आमचं घर फारच सभ्य झालं आहे. कुणी कुणाला लागेल असं बोलत नाही.

त्या जाण्याच्या थोडंच आधी एक ग्रहण आलं. संध्याकाळी चंद्र ग्रासलेलाच उगवायचा होता. जुई पुण्याला सासरी, तिला सातवा महिना. वहिनींचं हृदय थकलं होतं, उठवत नव्हतं. त्यांनी मला फोन लावून स्पीकरवर धरायला सांगितलं. मला वाटलं, काहीतरी झणझणीत ऐकायला मिळणार.

"जुई, आज विळीला हात लावू नकोस गं."

"आई, तू सांगतेयस हे?"

 वहिनी खाली बघत म्हणाल्या, "मी खरंच चिरली होती. मेथी. ग्रहण आहे हे ध्यानातच नव्हतं. कुणाला सांगितलं नाही मी."

इतक्या वर्षांच्या भाज्यांत ही एक भाजी कधीच आली नव्हती.

 पलीकडून भांडी सरकवल्याचा आवाज आला, मग खट्, खट्, खट्.

"काय करतेयस?" वहिनींनी विचारलं.

"कांदा चिरतेय. तू बोल."

वहिनींनी डोळे मिटले. उशीची कड मुठीत धरून त्या ऐकत राहिल्या. खट्, खट्. बऱ्याच वेळानं मूठ सैल झाली.

"जाड चिरतेयस," त्या म्हणाल्या. "बारीक चीर."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, चहा टाका."

ग्रहण सुटायला अजून बराच वेळ होता.