पाय झाडणारं यंत्र

हत्तुरे सिद्धेश्वरी मडिवाळप्पा, वय ३१, राहणार जुळे सोलापूर. तासिका तत्त्वावरील व्याख्याती. संस्थेची कर्मचारी नव्हे. शिकविलेल्या तासांपलीकडे सदर व्यक्तीचे काम नोंदीस पात्र नाही. यंत्रमानव चालविण्याचा अनुभव: निरंक.

ही माहिती कॉलेजच्या फायलीत आहे, आणि फाईल खोटं बोलत नाही. विचारलं तेवढंच सांगते. तास संपले की सिद्धेश्वरी वर्कशॉपच्या कोपऱ्यात चार पायांचं एक यंत्र बांधत बसायची, हे फाईलला कोणी विचारलं नव्हतं. प्रत्येक पायाच्या टोकाला चाक. सपाट वाटेवर ते गाडीसारखं पळायचं. बांध आला की चाकं जागच्या जागी रोखून शेळीसारखं चढायचं. तुरीच्या फवारणीला असं काहीतरी हवं, हे तिचं म्हणणं. रानात शंभर मीटर चालून दाखवलं तर नवी प्रयोगशाळा आणि तीत एक कायम जागा, हे प्राचार्यांचं. ती जागा सिद्धेश्वरीला हवी होती. सात वर्षं ती तासांवर जगत होती.

कॉलेजच्या फरशीवर यंत्र झकास चाललं. मग तिनं ते मंद्रूपला वडिलांच्या रानात नेलं. पाणी देऊन दोनच दिवस झालेले. वीस पावलांत यंत्र डावीकडे ओढू लागलं आणि बांध चढून शेजारच्या कोंडीबांच्या ज्वारीत शिरलं.

"मडिवाळप्पा," कोंडीबा ओरडले, "लायसन हाय का ह्याला? का लेकीनं मोकाट सोडलंय?"

उजव्या चाकांवर काळ्या मातीचे थर चढले होते. चाक दीडपट झालेलं. यंत्राच्या गणितात मात्र ते जुन्याच मापाचं.

वडील बांधावर चप्पल घासत होते. "सिद्धव्वा, धा पावलं झाली की पाय झाडाय नको का? हितं दुसरं कोण कसं चालतंय?"

शाळेत जाताना तिनं याच मातीत हजारदा पाय झाडले होते. इतके, की आपल्याला ते माहीत आहे हेच ती विसरून गेली होती. तिनं वाचलेल्या शोधनिबंधांत वाळू होती, बर्फ होता, जिने होते. त्यांत मंद्रूपची माती घालायचं काम तिचं होतं.

पुढचे तीन महिने तिनं यंत्राला पाय झाडायला शिकवलं. उचललेला पाय मोटरीला जड लागला, तर माती चढली. मग उरलेल्या तिन्हींवर तोल सावरायचा आणि चौथ्याचं चाक उलटं गरगर फिरवायचं. तीन पायांवर उभं राहणं हेच अवघड. यंत्र रोज पडायचं, ती रोज उचलायची. वजन चौतीस किलो.

चाचणी पाहायला कॉलेजची समिती रानात आली. शंभर मीटरला यंत्रानं बावीस मिनिटं घेतली, नऊदा थांबलं, आणि एकदा अध्यक्षांच्या पँटवर चिखल उडवला.

"हे मध्येच काय करतं?" अध्यक्षांनी विचारलं.

"पाय झाडतंय की," मडिवाळप्पा म्हणाले. "तुमीबी झाडा सायेब, लई चिकटलंय."

प्रयोगशाळा मंजूर झाली. जागेची जाहिरात निघाली: पूर्णवेळ नोकरीचा पाच वर्षांचा अनुभव आवश्यक. तासाला तास जोडून पूर्ण वेळ होत नाही, असं कार्यालयानं सिद्धेश्वरीला समजावलं. तिनं तरीही अर्ज केला. तो परत आला.

"मग आता गं?" वडिलांनी फोनवर विचारलं.

"आता काय अप्पा, उद्या आठला तास हाय."

मुलाखतीच्या दिवशी उमेदवारांच्या प्रात्यक्षिकासाठी यंत्र मांडून द्यायला कार्यालयानं तिला बोलावलं, एका तासापुरतं. सहा पात्र उमेदवार आले होते. त्यांच्यापैकी एकालाही ते जागचं हलवता आलं नाही.