दोन डोळ्यांचा ळ

भडगावच्या आमच्या प्राथमिक शाळेत संगणक आला तेव्हा नव्वदीचं दशक संपत आलं होतं. त्याच्यापुढे नारळ फोडला, हार घातला, आणि खोलीबाहेर चपला काढायच्या असा नियम झाला. मला वाटतं त्या नियमामुळेच महिनाभर कोणी आत गेलं नाही. देवघरात कोण उगाच जाऊन बसतं? मी गेले, कारण दुसरीचा वर्ग माझा आणि ती खोली माझ्या वर्गाला लागून. शिवाय मला कुठल्याही गोष्टीला हात लावून बघायची वाईट खोड आहे.

शिकवणारं कोणी नव्हतं. एक इंग्रजी पुस्तक होतं, ते मी डिक्शनरी घेऊन वाचलं. माउस हातात आला तर तो मी पाटी पुसावी तसा फिरवला. बाण पडद्याच्या उजव्या कडेला न्यायचा म्हणून हात नेत राहिले, नेत राहिले, आणि टेबल संपलं. माउस खाली लोंबायला लागला. उचलून परत मधे ठेवायचा असतो हे कळायला मला दोन दिवस लागले. तोवर मी शिपायाला सांगून टेबलाला दुसरं टेबल जोडून घेतलं होतं.

त्यात चित्रं काढायचा एक प्रोग्राम होता. त्यात रंगाची बादली होती. मी मोठ्या हौसेनं केळीचं पान काढलं आणि बादलीनं हिरवा रंग ओतला. पानाच्या रेघेत कुठंतरी केसाएवढी फट राहिली असावी. रंग तिथून बाहेर सांडला आणि सगळा पडदा हिरवागार झाला. मी चटकन बटण बंद करून बाहेर येऊन बसले. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, विचारलं, "काय शिकलात आज?" मी म्हटलं, "हिरवा."

इथवर सगळी गंमत होती. मग संस्थेचे अध्यक्ष आले. सगळे त्यांना नाना म्हणत. संगणक त्यांच्याच खटपटीनं मिळाला होता. ते म्हणाले, "बाई, हायस्कूलवाले रोज मागताय. लहान पोरांना याचा काय उपयोग? दिवाळीच्या सुट्टीनंतर मी येतो. पोरं यातून काही शिकलेली दिसली तर राहू द्या. नाही तर मी तो तिकडे नेतो."

चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा काहीतरी नवीन हाताला लागलं होतं, आणि तेही उचलून नेणार?

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. खानदेशातल्या खेड्यात घरी जी बोली बोलतात तिच्यात ळ नाही. ळच्या जागी य. शाळा म्हणजे शाया, केळी म्हणजे केयी, जळगाव म्हणजे जयगाव. माझं माहेर धुळ्याजवळचं, म्हणजे खरं तर धुयाजवयचं. शिक्षिकेचं शिक्षण घेताना मी पहिल्या दिवशी "फया पुसू का?" असं विचारलं होतं आणि सगळा वर्ग हसला होता. तेव्हापासून मी ळला दातओठ खाऊन धरलंय. तर माझ्या वर्गातली पोरं बोलतात तसंच लिहायची. शुद्धलेखनात सगळ्या पाट्यांवर 'शाया' आणि 'फया'. वर्षानुवर्षं मी ओरडून पाहिलं, काही फरक नाही.

म्हणून मी ठरवलं की संगणकावर ळ शिकवायचा. दुसरा एक प्रोग्राम होता, तो काढलेली चित्रं एकामागून एक भराभर दाखवायचा, की चित्र हलतंय असं वाटावं. सुट्टीभर मी खपून बारा चित्रं काढली. पहिल्यात एक चेहरा, दोन गोल डोळे. मग डोळे मिचकतात. मग सरकत सरकत एकमेकांना चिकटतात. भुवया सरळ होऊन वर आडवी रेघ होते, मधून एक दांडी खाली येते, आणि झाला ळ! डोळ्यातला ळ. पाचव्या चित्रात डावा डोळा बटाट्याएवढा झाला होता, पण मला तो काढून टाकता येईना, म्हणून राहू दिला. पोरांना तोच जास्त आवडला.

सुट्टीनंतर चाळीस पोरं त्या खोलीत अनवाणी दाटीवाटीनं बसली. चित्र हललं आणि एकच ओरडा झाला. तीन-चार वेळा दाखवलं. मग मी, स्वतःवर खूश होऊन, एक वाक्य बोलले. ते मला आजही आठवलं की कपाळाला हात लावावासा वाटतो. मी म्हटलं, "आता लक्षात ठेवा. तुमच्या तोंडात य आला की पाटीवर डोळ्यांचा ळ काढायचा!"

दुसऱ्या दिवशी शुद्धलेखन घातलं. 'शाळा' बरोबर. 'फळा' बरोबर. मी नाचायचीच बाकी होते. पुढचं वाक्य होतं, 'गायीला चार पाय असतात.' पाट्या वर झाल्या. चाळीसच्या चाळीस पाट्यांवर 'गाळीला चार पाळ असतात.' आणि एका मुलीनं तर आपल्या मनानं जोडलं होतं, 'माझी माळ शेतात जाते.'

"अगं, माळ कशी शेतात जाईल?"

"मन्ही माय शे ती, बाई. तुम्हीच सांगं ना, य ना ळ कराना."

माय म्हणजे तिची आई, आणि यचा ळ करायचा हे सांगणारी मीच. पोरं चुकली नव्हती. त्यांनी माझा शब्दन् शब्द ऐकला होता. पोरांनी पहिल्यांदाच माझं ऐकलं, आणि नेमकं तेव्हाच मी चुकीचं सांगितलं होतं. नाना शनिवारी येणार होते आणि मधे तीनच दिवस होते.

मी शाळा सुटल्यावर बसून एक गाय काढली. ती गाय होती हे खाली लिहावं लागलं, पण शेपूट चांगली जमली. शेपूट वळते, वळून तिचा य होतो, आणि गाय मान हलवते. "ही गाय. हिचा य हिच्यापाशीच. हिला डोळा लावायचा नाही!" असं तीन दिवस घोकून घेतलं. डोळा, गाय, शाळा, पाय, केळी, माय. पोरांबरोबर मीही घोकत होते. इतकं, की स्वयंपाक करतानाही कुठल्या शब्दात कोण येतो ते मला कळेनासं झालं. नवऱ्यानं "चहा हवाय" म्हटलं तरी मी थांबून विचार करायची.

शनिवारी नाना आले. पांढरं धोतर, टोपी, हातात काठी. चप्पल काढून आत आले, खुर्चीवर बसले. मोठ्या बाई मागे उभ्या. पोरं चिडीचूप. डोळा आधी दाखवावा की गाय, ते मला ठरवता येईना. म्हटलं नानांनाच विचारू, आणि अगदी आदरानं म्हणाले, "नाना, तुम्हाला आधी काळ दाखवू?"

मोठ्या बाईंनी पदर तोंडाला लावला.

नानांनी माझ्याकडे बघितलं. "इतक्यात नको बाई. नातीचं लग्न व्हायचंय अजून."

पहिल्या ओळीतून ती माळवालीच ओरडली, "बाई, काळ नही, काय! त्याले डोया नही लावाना!"

धरणी दुभंगली असती तर बरं, असं मला झालं. पण नानांची काठी हलायला लागली होती. ते पोट धरून हसत होते. म्हणाले, "दाखवा दाखवा, काय ते दाखवा."

मी डोळे दाखवले. बटाट्याएवढा डोळा आला, पोरं खिदळली, आणि शेवटी सगळी एका सुरात ओरडली, "डोया!"

नाना म्हणाले, "बाई, पोरं तर अजून डोयाच म्हणताय."

मी म्हटलं, "लिहायला सांगा ना त्यांना."

नानांनी त्या मुलीला बोलावलं. "डोया लिही बरं."

तिनं पाटीवर लिहिलं, 'डोळा'.

"वाच."

"डोया."

"लिहिलास ळ, आणि वाचतेस य?"

ती जराही गडबडली नाही. "लिव्हाना ळ, बोलाना य."

नाना डोळे बारीक करून म्हणाले, "गाय लिही." तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. तिनं 'गाय' लिहिलं, आणि शेपटीला नीट वळण दिलं. नानांनी अजून चार-पाच पोरांना उठवलं. 'पाय', 'केळी', 'माय'. एकानं 'पाळ' लिहिलं आणि नाना काही बोलायच्या आत थुंकी लावून पुसलं.

नानांनी शेवटची पाटी हातात घेतली. "आम्हाले कोणी असं सांगं नही," ते हळूच म्हणाले. "आम्हाले नुसता मार भेटे." सभेत कधी न बोललेली घरची बोली मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली.

मग त्यांनी कागद मागितला, मांडीवर ठेवून दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि माझ्या हातात दिला. "मोठ्या बाईंकडे द्या. हायस्कूलवाल्यांना दाखवायला." ते काठी टेकत निघून गेले.

मी कागद वाचला. 'संगणक प्राथमिक शायेतच राहू द्यावा.'

आता मी काय करावं? आनंदानं उड्या माराव्यात. पण हाताला सवय वाईट. वाचता वाचता मी लाल पेन उचललं, 'ये'वर गोल केला आणि वर सुबक 'ळे' लिहिला. मग लक्षात आलं की हे पोराचं शुद्धलेखन नाही, संस्थेच्या अध्यक्षांचं पत्र आहे.

मोठ्या बाईंनी तो कागद लाल गोलासकट फाइलला लावला. म्हणाल्या, "नानांचा एक मार्क कापलात का हो?"

मी म्हटलं, "अर्धा."